ओढ्यापलीकडचा मुक्काम

हिंगोली
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय विशू,

महिना होऊन गेला, तुझ्या एकाही निरोपाला मी धड उत्तर दिलं नाही. रागावू नकोस असं म्हणायचा मला हक्क नाही. आईनं तुला फोनवर 'मंजू शाळेत गेलीय' असं दर वेळी सांगितलं, त्यातल्या कितीतरी वेळा मी तिच्या शेजारी बसून तूर निवडत होते. हात पुढं केला असता तर फोन माझ्या हातात आला असता. मी केला नाही. आई फोन ठेवून माझ्याकडं बघायची आणि पुन्हा सुपात बोटं घालायची. तिला वाटतं, आपल्या दोघांचं शेतावरून काही बिनसलंय. तसं काही नाही हे तुलाही माहीत आहे. खरं तर आपलं काहीच बिनसलेलं नाही, आणि मला नेमकी त्याचीच लाज वाटते.

परवा तू उन्हाळ्यातले फोटो पाठवलेस. आयोवातलं ते नदीकाठचं मैदान, दोन झाडांच्या मध्ये उंचावर ताणून बांधलेला दोर आणि त्या दोराला ओळीनं बांधलेले घोडे. ज्याचा घोडा, त्याचा तंबू त्याच्या शेजारी. तू इथं आलास त्या पहिल्या रात्री जेवताना आईला त्या कॅम्पचे नियम सांगत होतास. आधी घोड्याला पाणी पाजायचं, मग आपण प्यायचं. निघताना लीद उचलून जागा होती तशी करायची. आणि घोड्याचा आवाज कानावर येणार नाही इतक्या लांब कुणी झोपायचं नाही. आई म्हणाली, "आरं, आबा बैल आजारी असला की गोठ्यातच अंथरूण टाकायचे. त्याला अमेरिका कशाला लागती?" आपण तिघंही हसलो होतो. फोटोंखाली तू लिहिलं आहेस की पुढच्या जानेवारीत तिकडच्या मित्रांची दोन-तीन कुटुंबं घेऊन येतोस, सेनगावहून औंढ्यापर्यंत आपण परत तशीच घोड्यांवरून सहल करू, 'फक्त या वेळी भरवशाचा घोडेवाला बघ.' ते वाक्य वाचून मी फोन उलटा ठेवला. त्यानंतर दोन दिवस हे पत्र मनात लिहिते आहे आणि खोडते आहे. आज रविवार, आई कीर्तनाला गेली आहे, घरात कुणी नाही. कागदावर लिहून पानांचे फोटो काढून पाठवीन. टाइप करायला बसले की माझी वाक्यं आपोआप गुळगुळीत होतात.

आपण लालसिंगभाऊंना घोड्यांसाठी विचारायला बंजारा तांड्यावर गेलो ती दुपार तुला आठवत असेल. सेनगाव भागातल्या निम्म्या नवरदेवांना त्यांच्या मैना घोडीनं पाठीवर बसवून मारुतीच्या दर्शनाला नेलेलं आहे. परण्याची ही मिरवणूक निघाली की पुढं बँड आणि मागं मैना, हे लहानपणापासून लग्न म्हटलं की डोळ्यांसमोर येणारं चित्र. तेव्हा मैना नव्हती, तिची आजी असेल. तू त्यांना नकाशा दाखवलास, मुक्काम कुठं, तंबू कुठं. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, आमच्या आज्या-पंज्याचा जलम गेला बैलावर मीठ-धान लादून हिंडन्यात. ते सोडून एका जागी घर बांधायला बापाचा जलम गेला. आन् तुमी सुट्टी काढून, इमानात बसून, हिंडायला आले व्हय?" आतून त्यांच्या मंडळी, जिवनबाई, ओरडल्या, "हिंडू द्या की! काहून आडवून राहिले? मी बी येते. मास्तरीणबाईसंगं बाईमानूस नको का?" त्या आल्या म्हणूनच मी आले, नाहीतर माझं धाडस झालं नसतं. घोडीवर बसायची मला भीती वाटत होती, हे मी तुला सांगितलं नव्हतं. जिवनबाईंना न सांगता कळलं. त्यांनी दुसऱ्या घोडीला, काजलला, माझ्यासाठी निवडलं, आणि ती म्हातारी आहे, तिला तुमच्याहून जास्त झोप येते, असं माझ्या कानात सांगितलं.

पहिला दिवस मी कितीदा तरी मनात उलटून पाहिला आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, म्हणून असेल. नर्सीच्या अलीकडं तो टेम्पो आला, लग्नाची गाणी मोठ्यानं लावून, आणि मैनेला वाटलं परण्या निघाला. भर रस्त्यात ती पाय उचलून नाचायला लागली. तू लगाम ओढतोस, इंग्रजीत काहीबाही सांगतोस, आणि ती आणखीच ठेका धरते. टेम्पोतली पोरं शिट्ट्या मारत होती. जिवनबाई सामानाच्या तट्टावर बसल्या होत्या, हसून हसून त्यांचा पदर तोंडात गेला. "भाऊ, तिला आंगरेजी कळत न्हाई. आता खिशातनं नोट काडून तिच्यावरून ओवाळा, म्हंजी थांबती." आणि तू खरंच नोट काढलीस, आणि ती खरंच थांबली! संध्याकाळी कयाधूच्या काठी तुझा तो छत्रीसारखा आपोआप उघडणारा तंबू फटकन उघडला आणि काजल बिचकून मागं सरली, तेव्हा जिवनबाई म्हणाल्या, "चांगलं हाय की. सून आली की घर उगडायचं, सासू आली की मिटायचं."

त्या मुक्कामी तू तुझे सगळे नियम पाळलेस. आधी घोड्यांना पाणी. लालसिंगभाऊंनी पुढचे पाय आणि मागचे पाय वेगवेगळ्या दोरांनी खुंट्यांना कसे बांधायचे ते तुला दाखवलं आणि तू त्यांना तुमचा उंच दोर बाभळीला बांधून दाखवलास. तुम्ही दोघं एकमेकांच्या गाठी सोडून बघत होतात. तुराट्यांचा जाळ, ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, शेजारच्या शेतकऱ्यानं आपणहून आणून दिलेले हरभऱ्याचे डहाळे. मी जिवनबाईंच्या हातची भाकरी त्यांच्याच ताटलीत खाल्ली आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. हेही लिहून ठेवते. एका ताटलीत जेवल्याचं कौतुक वाटणारी बाई दुसऱ्या दिवशी काय करील, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशीच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. ते गाव वाईट नाही. आपल्या गावीही तसंच झालं असतं. दिवस मावळायला आला होता, तुझ्या मांड्या सोलून निघाल्या होत्या, आणि गावाबाहेरच्या गायरानावर आपण उतरलो. भाऊंनी खुंट्या ठोकल्या, जिवनबाईंनी तीन दगड मांडून चूल पेटवली. धूर दिसला तशा गावातून मोटारसायकली आल्या. पाच-सहा जण होते, पुढं ते पांढऱ्या टोपीचे अण्णा. "कोन तुमी? डेरा काहून टाकून राहिले हितं? परवाच विहिरीवरच्या मोटारीच्या केबली चोरून नेल्या." भाऊ हात जोडून म्हणाले, "मालक, आमी सेनगावकडचे. पाव्हण्यास्नी घेऊन औंढ्याला चाललो." "तुला इचारलं का?" असं म्हणून अण्णा माझ्याकडं वळले. मला तेव्हा आपण बाहेरून कसे दिसतोय ते पहिल्यांदा दिसलं. घोड्या, तट्टू, गाठोडी, चूल, धुळीनं माखलेली दोन बाईमाणसं. मी घाबरले. ती मार खाण्याची भीती नव्हती, विशू. मला कुणी भलतंच समजेल याची ती भीती होती.

मी म्हटलं, "आम्ही यांच्यातले नाही. मी सेनगावच्या सोनाजीरावांची मुलगी, हिंगोलीला शाळेत शिकवते. हा माझा भाऊ, अमेरिकेहून आलाय. ही माणसं घोड्यांसाठी सोबत घेतलीत." यातला एकही शब्द खोटा नव्हता. तरीही विचारलं होतं कोण तुम्ही, आणि आम्ही चौघं सोबत आहोत एवढं म्हणून भागलं असतं. कोणाचे, कुठले, असं विचारलं की आबांचं नाव सांगायचं आणि दार उघडतं, ही आपल्याला लहानपणापासूनची सवय. ते नाव घेताना आणखी कुणाला सोबत आत घ्यायचं असतं, हे मला सुचलंच नाही. सुचलं असतं तर घेतलं असतं का, याचं उत्तर मी महिनाभर शोधते आहे.

मग काय झालं ते तुलाही माहीत आहे. अण्णांनी टोपी सरळ केली. "आसं आधी काहून न्हाई सांगितलं, ताई? सोनाजीरावांची लेक रानात झोपती व्हय? चला घरी." आणि मोटारसायकलवरच्या पोरांना, "हे लोक ओढ्यापलीकडं राहतील. गावाच्या अंगाला नकोत." तू एकदा म्हणालास की घोड्या इथंच असू द्या, मीही इथंच झोपतो. एकदाच म्हणालास. अण्णांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला, गादीवर झोपा म्हणाले, आणि तुझे पाय दुखत होते. मी तुला दोष देत नाही. मी तर एकदाही म्हणाले नाही. भाऊ खुंट्या उपटायला लागले होते. मान वर न करता म्हणाले, "जावा बाई तुमी. घोड्यांजवळ आमी हाव." जिवनबाईंनी चुलीवर पाणी ओतलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं का, ते मला माहीत नाही. मी पाहिलं नाही.

अण्णांच्या घरी तू आयोवाच्या गोष्टी सांगितल्यास, सगळे खूश झाले. त्यांच्या सुनेनं पुरणाचा घाट घातला होता आणि मी आग्रहाला नाही म्हटलं नाही. तुझ्या आठवणीत ती रात्र म्हणजे 'खरा ग्रामीण पाहुणचार'. तू तसं तिथल्या मित्रांना लिहिलंही आहेस. पाहुणचार खराच होता, मला त्याच्यावर बोट ठेवायचं नाही.

सकाळी आपण ओढ्यापलीकडं गेलो तर तिथं कुणी नव्हतं. मी जे पाहिलं ते तूही पाहिलंस. ज्वारीचं पीठ जमिनीवर पसरलेलं, त्यावर बुटांचे ठसे. तिखटाची पुडी फुटलेली. खुंटीला दोराचं टोक तसंच होतं, सोडलेलं नव्हतं, कापलेलं होतं. आणि एका दगडावर तुझा मिटलेला तंबू, तुझी बॅग, पाण्याची बाटली, माझी शाल घडी घालून. तू म्हणालास, "बघ, किती घाईत पळाला." मी शाल उचलून खांद्यावर घेतली. पळून जाणारा माणूस दुसऱ्याची शाल घडी घालून ठेवत नाही, विशू. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तुला कळलं नाही असं मी धरून चालले आहे, कारण तू सोळा वर्षं लांब आहेस. पण दोर कसा कापतात आणि कसा सोडतात हे तुला माझ्याहून चांगलं कळतं. तेवढं एक तू तुझ्या मनाशी पाहा.

हिंगोलीला येणाऱ्या जीपमध्ये तू आपल्या गावाच्या ग्रुपवर लिहायला घेतलंस. 'लालसिंग घोडेवाला आम्हाला अर्ध्या वाटेत सोडून पळाला. लग्नाची घोडी सांगताना विचार करा.' मी शेजारी बसले होते. मराठी लिहायची सवय मोडल्यानं तू मध्येच थांबून विचारलंस, "ताई, भरवसा म्हणतात का भरोसा?" आणि मी सांगितलं, काहीही चालेल. तू आणखी एक वाक्य जोडलंस, 'या माणसावर भरवसा ठेवू नका', आणि पाठवलंस. मी वाचत होते. त्या वाक्याला माझीही मदत झाली आहे.

त्यानंतरचे दिवस नेहमीसारखे गेले. शाळेचं स्नेहसंमेलन झालं. आईचं गुडघ्याचं दुखणं थंडीनं वाढलं होतं, आता बरं आहे. तूर झाली, हळद काढायला अजून वेळ आहे. दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासले. एका मुलीनं बंजारा समाजाच्या जुन्या व्यापारी मार्गांवर इतकं छान उत्तर लिहिलं होतं की मी तिला वर्गात उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या वाजत होत्या आणि मला तिथून बाहेर जावंसं वाटत होतं.

मग या बुधवारी एसटी डेपोत जिवनबाई भेटल्या. भेटल्या म्हणजे मी त्यांना आधी पाहिलं आणि खांबाआड झाले. त्यांनीच हाक मारली, "मास्तरीणबाई, खांब पडायलाय का? धरून उभ्या राहिल्या ते!" हाक चारचौघांत ऐकू जाईल अशी. मी गेले. त्यांच्या हातात जनावरांच्या दवाखान्यातून घेतलेली औषधाची पिशवी होती. काजलच्या पायासाठी. मग त्यांनीच सांगितलं, ओढ्याचं. आपण गेल्यावर मोटारसायकलवरची पोरं तिकडं गेली, केबली दाखवा म्हणाली, गाठोडी उलटी केली. केबली कुठून असणार? जाताना दोर कापून घोड्या हुसकल्या. मैना सापडली, काजल तारेच्या कुंपणात घुसली आणि मागचा पाय फाटला. "तुमास्नी बोलवायला आलते की आमचे मालक त्या घरी. दारातला मानूस म्हणला, पाव्हणे जेवून झोपलेत, उठवायचं न्हाई." हे त्यांनी कुणाची तक्रार करावी तसं सांगितलं नाही. काल बाजारात वांगी महाग होती, अशा आवाजात सांगितलं. तुमचं सामान उजाडायच्या आत गोळा करून दगडावर ठेवलं, पुन्हा गावात यायची सोय नव्हती, मग लंगड्या घोडीला घेऊन चालत घर गाठलं.

मी विचारलं, ग्रुपवर ते आलं तेव्हा भाऊंनी खरं काय ते कुणालाच कसं सांगितलं नाही. तेव्हा मात्र त्या चिडल्या. "मी तर म्हणलं, जावा चावडीवर, सांगा समद्यास्नी. तर म्हणतो, सांगायला गेलं तर सोनाजीरावाच्या लेकीचं नाव येतंय. त्या मानसानं आपल्या तांड्याला हिरीचं पानी दिलं व्हतं. राहू दे. मी म्हणलं, पानी बापानं दिलं, लेकीनं काय दिलं?" मी म्हटलं, चला, समोर बसून चहा घेऊ. त्या हसल्या. "नको बाई. आमी कुटं तुमच्यातले." सेनगावची गाडी लागली तशा गर्दीत घुसल्या, खिडकीजवळची जागा धरली आणि आतून मला हातानंच म्हणाल्या, जावा, शाळेला उशीर होईल.

आता हे पत्र आजच का लिहिते ते सांगते. धोंडबाकाकांच्या धाकट्याचं लग्न वीस तारखेला आहे. परण्यासाठी मैना ठरली होती, दिवाळीतच सुपारी दिलेली. तुझं वाक्य वाचून काकांनी 'घोडी नको' असं कळवलं. आपल्याच घरच्यांचा भाऊंवर भरवसा नाही म्हटल्यावर बाकीच्यांनीही तेच कळवलं. या मोसमात मैनेला एकही लग्न राहिलं नाही. काजल तर उभीच राहू शकत नाही. वाशीमकडचा एक माणूस येत्या गुरुवारी मैनेला विकत घ्यायला येणार आहे. मला आधी वाटलं, तांड्यावर जावं, भाऊंच्या पाया पडावं. मग लक्षात आलं की तिथं गेले तर ते मला बाज टाकून बसवतील, 'जाऊ द्या बाई' म्हणतील, आणि मी हलकी होऊन परत येईन. मैना तरीही गुरुवारी जाईल. माफी त्यांच्याकडं मागायची आहेच, पण त्याआधी ज्यांच्यासमोर त्यांचं नाव गेलं, त्यांच्यासमोर ते परत आणायला हवं. मी काकांकडं जाऊन सगळं सांगणार आहे. मी काय बोलले ते शब्दाला शब्द, जीपमध्ये मी गप्प बसले तेही, आणि तुझं नावही त्यात येईल. ते ग्रुपवरून तुझ्या कानावर येण्याआधी माझ्याकडून यावं, म्हणून हे पत्र. मी तुझी परवानगी मागत नाही. काका मला काय म्हणतील याची मला भीती वाटते, आणि आईला कळल्यावर ती सुपावरून मान वर करून माझ्याकडं कशी बघेल, याची त्याहून जास्त. तू लिहिलेलं वाक्य तसंच ठेवायचं की खाली दुसरं लिहायचं, ते तुझं तू ठरव. मी ते तुझ्यासाठी लिहून देणार नाही. आणि पुढच्या जानेवारीचं म्हणशील, तर दुसरा घोडेवाला मी शोधणार नाही.

तिकडं बर्फ असेल. जपून गाडी चालव.

तुझीच,
मंजूताई

उद्या: सकाळच्या पहिल्या एसटीनं सेनगावला जाऊन, काकांच्या ओसरीवर माणसं बसलेली असतानाच बोलणे.